आजोबांच्या पदकाविषयी

लंडन

तीर्थरूप काकांस,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपले पत्र आणि दादाने तयार केलेला पाटीचा मजकूर मिळाला. म्हापशाच्या घराच्या ओसरीवर येत्या मुक्तिदिनी आजोबांच्या नावाची संगमरवरी पाटी बसणार, याचा फार आनंद झाला. मात्र मजकुरातील 'शौर्यपदकाचे मानकरी' हे शब्द कोरले जाण्यापूर्वी बदलावेत, अशी माझी विनंती आहे.

त्यांचे पदक 'जनरल सर्व्हिस मेडल १९४७' असून फितीवर 'गोवा १९६१' अशी पट्टी आहे. शौर्यपदक एखाद्याच्या विशिष्ट पराक्रमासाठी, शिफारस होऊन मिळते. हे पदक मात्र त्या मोहिमेत नेमून दिलेले काम केलेल्यांना, मग तो रायफलधारी असो, स्वयंपाकी असो की शिक्षणाधिकारी, सारखेच मिळाले. त्यात कमीपणा कसला? इथले संग्राहक तर पदक हाती येताच आधी त्याची कड वाचतात, कारण क्रमांक, हुद्दा, नाव आणि दल तिथेच कोरलेले असते.

आजोबा आर्मी एज्युकेशन कोअरचे कॅप्टन होते. जवानांना लिहायला-वाचायला शिकवणे, बढतीसाठी लागणाऱ्या परीक्षांची तयारी करून घेणे आणि नकाशावाचनाचे धडे देणे, हे त्यांचे काम. १८ डिसेंबरला सैन्य गोव्यात शिरले, तेव्हा माघार घेणाऱ्या पोर्तुगीजांनी वाटेवरचे पूल उडवून दिले होते. अशा वेळी नदीला उतार कुठे मिळेल, हे नकाशावरून हेरणारा एखादा सुभेदार ती विद्या अशाच कोणा मास्तराकडून शिकलेला असणार, असे मला नेहमी वाटते. १९ तारखेला संध्याकाळी पोर्तुगीज गव्हर्नर जनरलने शरणागती पत्करली. आजोबांनी त्या दोन दिवसांत एक गोळीही झाडली नव्हती, आणि हे ते स्वतः हसत हसत सांगत.

म्हणून पाटीवर एवढेच असावे: 'कॅप्टन, आर्मी एज्युकेशन कोअर. जनरल सर्व्हिस मेडल, गोवा १९६१.' सावंतवाडीहून म्हापशाला जाणे होईल तेव्हा हुद्दा आणि दल पदकाच्या कडेवरून ताडून घ्यावे. आणि सौ. काकूंना सांगावे की, दसऱ्याला देवाच्या भांड्यांबरोबर पदकही चिंचेने घासू नये; कडेवरची अक्षरे आधीच पुसट झाली आहेत.

आपला आज्ञाधारक पुतण्या