चिठ्ठीशिवाय चकती नको

महोदय,

अश्मीभूत, म्हणजे दगड झालेल्या, लाकडाच्या झिलईदार चकत्या हल्ली निव्वळ शोभेची वस्तू म्हणून विकल्या जातात. झाड कुठले, सापडले कुठे, हे सांगणारी चिठ्ठीही सोबत नसते. माझ्यासारख्या संग्राहकाला हे फार खटकते.

भिंगातून पाहा. माझ्या एका लालसर चकतीत वाढीची वलये तर दिसतातच, शिवाय किड्याने पोखरलेले भोक गारगोटीने भरलेले दिसते. गाडलेल्या खोडात पाण्यातली सिलिका (गारगोटी जिची बनते ते खनिज द्रव्य) पेशीपेशीत साचते, म्हणून हे टिकते. लाल-पिवळा रंग लोहाचा. हा दगड कठीण. हिऱ्याच्या करवतीने कापून, भरड ते बारीक पुडीने घासून, शेवटी सिरियम ऑक्साइडने चमकवावा लागतो. घाई केली की ओरखडे राहतातच. भेगांत राळ भरली असेल, तर तिरप्या उजेडात तिथली चमक वेगळी दिसते.

अ‍ॅरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानातली खोडे सुमारे 22 कोटी वर्षांपूर्वीची. 1906 पासून तो परिसर संरक्षित आहे आणि तिथला तुकडाही उचलायला मनाई आहे. खासगी जमिनीवरचा माल मात्र कायदेशीर विकला जातो. दोन्हींतला फरक कळायचा तो ठिकाणाच्या नोंदीवरूनच. विक्रेत्यांनी ती द्यावी आणि ग्राहकांनी ती मागावी, ही विनंती.

– एक संग्राहक