अंगावर काढू नकोस

चि. मकरंद,
अनेक आशीर्वाद.

ताईकडून कळलं, तुला तीन दिवस ताप आहे आणि तरी १९ तारखेला तू गेटिसबर्गला निघालायस. तापाविषयी लिहायचं नाही, असं तुझ्या आईने बजावलंय. म्हणून वर्गात तू बोलणार आहेस त्या लिंकनच्या भाषणाविषयी लिहितो: १८६३ चं, अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना, गेटिसबर्गच्या सैनिकांच्या दफनभूमीच्या उद्घाटनाचं.

'थोर भाषण' म्हणून मोकळा होऊ नकोस. शब्द मोज: सुमारे २७२, वाक्यं दहा. त्यांच्याआधी त्या दिवसाचे मुख्य वक्ते एडवर्ड एव्हरेट दोन तास बोलले होते. मग काय गाळलंय ते बघ. गावाचं नाव नाही, शत्रूचं नाही, एकाही सेनापतीचं नाही, 'मी' नाही. 'गुलामगिरी' हा शब्दसुद्धा नाही. पण भाषण 'सत्त्याऐंशी वर्षांपूर्वी' असं सुरू होतं, तेव्हा वजाबाकी करून बघ. १८६३ मधून ८७ गेले की १७७६ उरतात. म्हणजे ते देशाचा जन्म १७८७ च्या राज्यघटनेपासून मोजत नाहीत, कारण तिच्यात गुलाम माणूस तीन पंचमांश धरला होता. ते 'सर्व माणसं समान' म्हणणाऱ्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यापासून मोजतात. भाषणाचा कणा हाच, असं माझं ठाम मत आहे.

पाणी भरपूर पितोस ना?

कोणती प्रत वाचतोस तेही सांग. लिंकनच्या हातच्या पाच प्रती आहेत. पहिल्या दोनांत 'ईश्वराच्या छत्राखाली' या अर्थाचे शब्द नाहीत. आगगाडीत पाकिटावर खरडल्याची गोष्ट मात्र सांगू नकोस. पहिल्या प्रतीचं पहिलं पान अध्यक्षांच्या कार्यालयाच्या छापील कागदावर आहे.

'लोकांचे, लोकांनी, लोकांसाठी' हे तू नागरिकशास्त्रात लोकशाहीची व्याख्या म्हणून पाठ केलंस, गॅलरीत येरझाऱ्या घालत, आज्जी झोपलेली असताना. भाषणात ती व्याख्या नाही. असं राज्य पृथ्वीवरून नाहीसं होऊ नये, हे जिवंतांवर सोपवलेलं काम आहे. आजचं महत्त्व तिथे शोध, सुंदर शब्दांत नको. त्या दफनभूमीत जागा फक्त उत्तरेच्या सैनिकांना होती, हेही लपवू नकोस.

फार शिकवतोय, माफ कर. तू हा विषय स्वतःहून निवडलास याचा मला किती आनंद झालाय, ते फोनवर बोलता आलं नाही.

पण एक सांगतोच. परतीच्या गाडीत लिंकनना ताप होता, डोकं दुखत होतं. पुढे कळलं, देवी. सौम्य आहेत असं डॉक्टर म्हणाले, ते वाचले. त्यांच्याबरोबर गेलेला त्यांचा सेवक विल्यम जॉन्सन जानेवारीत देवीनेच गेला. तुला तसलं काही नाही, मला ठाऊक आहे. तरी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय निघू नकोस. भाषणाच्या स्मरणाचा समारंभ दरवर्षी असतो.

ताप किती आहे ते आकड्यात कळव. 'बरा आहे' नको.

बाबा