वर्गणी थांबव, नंद्या

परळ, मुंबई
रविवार, दुपार

प्रिय नंद्या,

पाय लुळे पडलेल्याला मोटारींवर चालवणाऱ्या यंत्राचा, दहावीच्या ग्रुपवर तू टाकलेला व्हिडिओ पाहिला आणि ‘आपल्या सुन्याला हे घेऊन द्यायचंच’ म्हणून त्याखाली सुरू केलेली यादीही. फोन केला असता तर तू मध्येच तोडून ‘ते काही नाही’ म्हणाला असतास, म्हणून लिहितोय. यादी थांबव. ज्याचे पैसे त्याला परत कर. रागावलेलो नाही, उलट ती नावं वाचून रात्री झोप लागली नाही.

तुला सांगितलं नव्हतं, पण तसलं यंत्र मी पायांना बांधून पाहिलंय. गेल्या उन्हाळ्यात, एका खासगी केंद्रात. आधी हाडांची तपासणी झाली, कारण सात वर्षं फारसा भार न पडलेली हाडं ठिसूळ होतात. मग झुकत्या फळीवर पट्ट्यांनी बांधून थोडं थोडं उभं केलं. कायम बसणाऱ्याला एकदम उभं केलं की रक्तदाब उतरतो. मला दोनदा अंधारी आली. तिसऱ्या दिवशी यंत्र चढवलं: कमरेला पट्टा, खुब्याशी आणि गुडघ्याशी मोटारी, हातांत कुबड्या. छाती जरा पुढे झुकवली की सेन्सरला कळतं आणि पाऊल पडतं. पाय माझाच, पण उचलतंय भलतंच कुणीतरी. मागे दोन फिजिओ, कशीबशी वीस पावलं, शर्ट घामाने चिंब. मोटार असल्यावर घाम कसला, असं तुला वाटेल. पण तोल हातांनीच सांभाळावा लागतो. पुढचे दोन दिवस पायांचे आचके मात्र कमी होते, तेवढं श्रेय देतो.

आणि खरं सांगू? चालण्याचं मला फारसं काही वाटलं नाही. उभं राहण्याचं वाटलं. सरिता समोर होती. तिचा भांग मला सात वर्षांनी वरून दिसला. बराच पांढरा झालाय. तिला काही बोललो नाही.

‘रीवॉक’ नावाचं असं यंत्र काढणारा अमित गॉफर हा इस्रायली इंजिनिअर. 1997 च्या अपघातात त्याचे हातपाय लुळे पडले. त्याच्या यंत्राला 2014 मध्ये अमेरिकेत घरी वापरायची परवानगी मिळाली, पण त्याला स्वतःला ते घालून चालता येईना. कुबड्या धरायला हात हवेत ना! मग त्याने उभ्याउभ्या चालवता येईल अशी चाकांची खुर्ची काढली. हे वाचलं तेव्हा वाटलं, या माणसाला कळलंय.

किंमत ऐक. अमेरिकेच्या सरकारी विम्याने 2024 मध्ये या यंत्रापोटी ठरवलेली रक्कम 91 हजार डॉलर. म्हणजे आपले पाऊण कोटी. आपला अख्खा वर्ग विकला तरी जमायचे नाहीत, आणि जमले तरी ते घालून मी जाऊ कुठे? आमचा जिना लाकडी, चौतीस पायऱ्या, कठडा एकाच बाजूला. वीस किलोहून जड ते लोढणं अंगावर घेऊन उतरलोच, तर खाली उखडलेले पेव्हर ब्लॉक. स्टेशनवर अपंगांचा डबा कुठे लागणार ते कळावं म्हणून बीप वाजतं. छान आहे. पण त्या बीपपर्यंत पोचायला पूल चढावा लागतो.

माझे हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेतले कॅलिपर, म्हणजे पायांना पट्ट्यांनी बांधायचे साधे आधार, अजून शाबूत आहेत. चार्जिंग लागत नाही. पट्टा तुटला तर नाक्यावरचा चांभार चहा संपायच्या आत शिवून देतो.

आता कामाचं. तुझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, तर एक कर. जिन्याच्या दुसऱ्या बाजूलाही कठडा हवा, आणि गॅलरीच्या टोकाला संडासाच्या उंबऱ्याशी धरायला एक दांडा. दोन्हीकडे हात टेकले की मला उतरताना शेजारच्या पोरांना हाका माराव्या लागणार नाहीत. कमिटीशी बोललोय, हो म्हणालेत. फक्त ड्रिल दुपारी दोन ते चार चालवू नका, एवढीच अट. नळी दीड इंची घे, स्टेनलेस. लोखंडाची पावसाळ्यात गंजून हाताला लागते. जिना साडेतीन फूट रुंद आहे, त्यामुळे ब्रॅकेट भिंतीला चिकटून बसायला हवं. मधल्या वळणाचं माप मला खुर्चीवरून घेता येत नाही, ते तूच येऊन घे. शनिवारी रात्रीची गाडी पकडलीस तर रविवारी सकाळी काम सुरू होईल. झोपायची सोय गॅलरीत.

तुझा,
सुन्या