जोर लावून बघा म्हणे! हँड प्रायमिंग टूलबद्दल चौथी तक्रार

मॅनेजर, जे कोणी असाल ते,

इंग्रजीत तीन मेल केले, तिन्हींना एकच छापील उत्तर आलं, म्हणून ही तक्रार मराठीत. भाषांतर करून घ्या, त्या निमित्ताने कुणीतरी शेवटपर्यंत वाचेल तरी.

मार्चमध्ये घेतलेलं तुमचं टूल प्रायमर (काडतुसाच्या बुडातली, ठोका बसला की दारू पेटवणारी टोपी) पूर्ण बसवत नाही. केसच्या (काडतुसाच्या पितळी नळीच्या) बुडापासून ३ ते ५ थाऊ, म्हणजे इंचाचे हजारावे भाग, आत बसायला पाहिजे, हे तुम्हाला मी सांगायचं का? ३०८ कॅलिबरच्या २०० वापरलेल्या केसेस परत भरायला घेतल्या, त्यातल्या ६४ मध्ये प्रायमर १-२ थाऊ वर राहिलाय. काचेवर उभी केली की केस पोचा आलेल्या पातेल्यासारखी डुगडुगते. त्यातली २० काडतुसं रेंजवर नेली तर ५ पहिल्या ठोक्याला उडालीच नाहीत, दुसऱ्या ठोक्याला उडाली, म्हणजे पहिला ठोका तुमच्या टूलचं राहिलेलं काम करण्यात गेला. माझी रायफल बोल्ट ॲक्शन, म्हणजे हाताने बोल्ट मागेपुढे करायची, आहे म्हणून फक्त चिडचिड झाली. एम वन गॅरांडसारखी मोकळ्या फायरिंग पिनची (ठोका मारणाऱ्या सुईची) रायफल असती तर वर राहिलेला प्रायमर बोल्ट बंद होतानाच फुटू शकतो, हे पण मीच सांगतो.

आता तो कालचा फोन. ४० मिनिटं होल्डवर सनई की काय ते ऐकलं, मग तुमचा माणूस म्हणाला, मिलिटरी ब्रास आहे का, क्रिंप काढला का? (मिलिटरीच्या केसेसमध्ये प्रायमर निसटू नये म्हणून कड दाबलेली असते, तो क्रिंप.) म्हटलं नाही हो, कमर्शियल ब्रास आहे, माझ्याच रायफलीतून एकदा उडवलेलं, क्रिंप नाहीच तर काढू काय, प्रायमर बसतो त्या पॉकेटमधली काजळी खरवडून काढलीय, खोली मोजलीय, १२५ ते १३२ थाऊच्या आत आहे, प्रायमर लार्ज रायफलचेच आहेत, केस धरणारा शेल होल्डर तर तुमच्याच कंपनीचा आहे. थांबा म्हणाला. १० मिनिटांनी परत आला आणि काय म्हणतो, "टेक्निकल टीमशी बोललो सर, क्रिंपच आहे." परत सगळं सांगितलं. मग म्हणतो, "जरा जोर लावून बघा." अरे बाबा, हँडल बॉडीला टेकतंय, त्याच्यापुढे जोर लावायचा कुठे, भिंतीला? आणि ट्रेमध्ये प्रायमर भरलेले असताना गिऱ्हाइकाला जोर लावा सांगणारी कंपनी मी पहिल्यांदाच बघितली. त्याच्यावर कहर म्हणजे, "घरात कुणी जास्त ताकदीचं आहे का सर?" फोन स्पीकरवर होता. बायकोने किचनमधून हात वर केला.

मी भोसरीच्या टूलरूममध्ये ८ वर्षं काढलीत, मग इकडे टेक्सासला आलो. थाऊ कशाला म्हणतात ते मला कळतं. शेवटी मित्राकडून तुमचंच हेच मॉडेल, जुनं, आणलं. तोच शेल होल्डर, त्याच केसेस, त्याच डब्यातले प्रायमर, आणि ३० च्या ३० बरोब्बर ४ थाऊ आत. दोन्हीचे सीटिंग रॉड (प्रायमर आत ढकलणारे दांडे) काढून मायक्रोमीटर लावला. नव्याचा रॉड ७ थाऊ आखूड आहे. क्रिंप नाही, माझा हात नाही, रॉड. हे सगळं फोटोसकट दुसऱ्या मेलमध्ये आहे, आणि त्याचं उत्तर काय आलं? क्रिंप काढा.

वाईट याचं वाटतं की काडतुसं भरायची तुमचीच प्रेस ११ वर्षं वापरतोय, एक स्क्रू ढिला झाला नाही, आणि रेंजवर चार जणांना तुमचं नाव मीच सुचवलंय. आता त्यांना काय सांगू?

१५ दिवसांत बरोबर मापाचा रॉड पाठवा नाहीतर पूर्ण पैसे परत करा. नाही झालं तर कार्डवाल्या बँकेकडे डिस्प्यूट टाकणार, आणि टेक्सासच्या ॲटर्नी जनरलच्या ऑफिसात ग्राहक तक्रारीचा फॉर्म असतो तो भरून ठेवलाय, फक्त सबमिट दाबायचंय. ते उरलेले ४४ प्रायमर एकेक करून हळूच काढत बसायला गॉगल लावून माझा अख्खा रविवार गेला त्याचे पैसे मागत नाही, पण लक्षात असू द्या.

आणि रॉड पाठवायच्या आधी तिथेच मायक्रोमीटर लावून बघा. तुमच्याकडे नसेल तर सांगा, माझा पाठवतो.

एक (अजून तरी) गिऱ्हाईक
सॅन अँटोनियो