बाबांचा दगड आणि तुमचा फरशीचा तुकडा

आदरणीय ताई,

स.न.वि.वि.

माझं नाव तुम्हाला माहीत नाही, पण दगड आठवत असेल. वर्तमानपत्रात गुंडाळलेला, मुठीएवढा, काळाकुट्ट, आणि आकाराच्या मानाने भलताच जड. संग्रहालयाच्या अशनी दालनात तो तुमच्यापुढे ठेवून मी म्हणालो होतो, "हा आकाशातून पडलाय." बाबा आयुष्यभर तसंच सांगत आले होते. पुरावा म्हणून मी खिशातून लोहचुंबक काढला आणि तुम्ही चटकन हात आडवा घातलात.

खरं सांगतो, रागच आला होता. मग तुम्ही कारण सांगितलंत. अशनी जिथे घडला तिथल्या चुंबकीय क्षेत्राची नोंद त्याच्यातल्या खनिजांत राहिलेली असू शकते, आणि हातातला चुंबक नुसता टेकवला तरी ती पुसली जाते. मंगळावरून आलेल्या 'ब्लॅक ब्यूटी' या अशनीच्या तुकड्यांचं असंच झालं. अब्जावधी वर्षं टिकलेली नोंद पुसली कुणी, तर "खरा आहे का बघू" म्हणणाऱ्या माझ्यासारख्या हौशी लोकांनी. चुंबक मी गुपचूप खिशात घातला.

पुढचं तुम्ही सांगितलं कमी, दाखवलं जास्त. हाती भिंग दिलंत. कपाटातल्या अशनीवर पातळ, जळकी काळी साल होती, आणि जिथे तो फुटला होता तिथे आत राखाडी अंग आणि लोखंडाचे चमचमते कण. माझा दगड आतबाहेर सारखाच काळा. मग तुम्ही फरशीचा तुकडा आणलात आणि त्याच्या मागच्या, बिनचकाकीच्या बाजूवर दगड घासायला लावलात. ताजा अशनी सहसा रेघ सोडत नाही म्हणे. बाबांच्या दगडाने पाटीवरच्या पेन्सिलीसारखी ठसठशीत काळी रेघ ओढली.

"मॅग्नेटाइट," तुम्ही म्हणालात. म्हणजे लोहाचं एक काळं खनिज.

दुसऱ्या कुणी "नाही हो, हा अशनी नाही" म्हणून मला वाटेला लावलं असतं. तुम्ही मला खनिजांच्या दालनात नेलंत. ते मी टाळणारच होतो. रंगीत खडे काय बघायचे, असं वाटायचं. तिथे मॅग्नेटाइटचे स्फटिक होते, दोन पिरॅमिड तळाशी तळ लावून जोडावेत तसे आठ पृष्ठांचे. बाबांच्या दगडाचे भाऊबंदच. आणि तिथे उभं राहून तुम्ही जे सांगितलंत त्यासाठी मुख्यतः हे पत्र. वातावरणातून येताना अशनीचा पृष्ठभाग वितळतो, त्यातल्या लोहाचा ऑक्सिजनशी संयोग होतो, आणि सालीला काळा रंग येतो तो बराचसा मॅग्नेटाइटमुळे. म्हणजे दगड इथलाच, पण आकाशातून येणाऱ्यांच्या अंगावर जो काळा रंग चढतो, तो याच खनिजाचा.

परतताना पुन्हा अशनींपाशी थांबलो. १९६९ साली मेक्सिकोत पडलेल्या आयेंदे अशनीबद्दल तुम्ही सांगितलंत, की त्यातले पांढरट ठिपके सुमारे ४५६ कोटी वर्षांचे आहेत, पृथ्वीहूनही जुने. लोखंडी अशनीच्या चकतीवर आम्लाने उठवलेली ती एकमेकींना छेदणारी पट्ट्यांची नक्षी तर अजून डोळ्यांपुढून हलत नाही. निकेल-लोहाचा गोळा लाखो वर्षं सावकाश थंड होत राहिला तरच ती उमटते. कुठल्याही भट्टीला एवढी सवड नाही.

बाबांबद्दल मी काहीसा ओशाळून बोललो, तेव्हा तुम्ही जर्मन शास्त्रज्ञ क्लाडनींची गोष्ट काढलीत. दगड आकाशातून पडतात असं त्यांनी १७९४ साली छापलं तेव्हा भल्याभल्यांना ते पटलं नव्हतं. १८०३ मध्ये फ्रान्समधल्या लेगल इथे जवळजवळ तीन हजार दगड कोसळले, फ्रेंच शास्त्रज्ञ बियो यांनी जागेवर जाऊन चौकशी केली, आणि मगच शंका घेणाऱ्यांची तोंडं मिटली. "तुमच्या बाबांचा दगड चुकला, कल्पना चुकली नाही," हे तुमचं वाक्य मी घरी जसंच्या तसं सांगितलं. आई बराच वेळ काही बोलली नाही, मग उठून तिने दगड पुसून पुन्हा शोकेसमध्ये ठेवला.

निघताना तुम्ही दिलेला फरशीचा तुकडा मुलीने कधीच बळकावलाय. घरातलं जे हाती लागेल ते त्याच्यावर घासून ती रेघांचे रंग वहीत लिहिते. पुढच्या महिन्यात तिला घेऊन येतोय. चुंबक घरी ठेवून.

आपला कृतज्ञ,
काळ्या दगडवाला