आरोग्यमंत्र्यांना एका आईचं खुलं पत्र: पाच दिवस टिकणाऱ्या प्लेटलेटच्या पिशवीबद्दल

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी विक्रोळीच्या कन्नमवार नगरात राहते. माझी मुलगी सहा वर्षांची आहे. तिला रक्ताचा कॅन्सर आहे, लहान मुलांत जास्त दिसणारा, ज्याला डॉक्टर ‘ए.एल.एल.’ म्हणतात. परळच्या एका रुग्णालयात तिची केमो चालू आहे. केमोचा खर्च महात्मा फुले योजनेतून झाला, डॉक्टर-सिस्टर देवमाणसं आहेत, त्यामुळे तिथली तक्रार घेऊन मी आलेली नाही.

आधी देवाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्याशी जोडलेलं आहे.

निदान झालं त्या रात्री सासूबाईंनी गावी फोन लावून रवळनाथाला गाऱ्हाणं घालायला सांगितलं. मी मंगळवारी सिद्धिविनायकाच्या रांगेत उभी राहिले. शेजारच्या खाटेवरच्या मुलाच्या अम्मीने हाजीअलीचा धागा दिला, तो मी घेतला. वॉर्डात कुणी कुणाचा देव नाकारत नाही. वांद्र्याच्या मोतमावलीलाही (माउंट मेरी चर्चला) जाऊन आले. तिथे पायऱ्यांजवळ मेणाचे हात, पाय, घरं, बाळं विकायला असतात. ज्याचं जे दुखतं ते वाहायचं. मी विचारलं, रक्तासाठी काय घेऊ? विकणारी बाई थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “अख्खी मुलगीच घ्या.” फ्रॉक घातलेली वीतभर मेणाची मुलगी घेतली. उन्हाने ती माझ्या हातात मऊ पडायला लागली, तेव्हा धावतच वर गेले.

पण काउंट पडलेल्या, म्हणजे रक्तातल्या पेशी कमी होऊन जंतुसंसर्गाची भीती असलेल्या मुलाला तीर्थ चालत नाही, पंचामृत चालत नाही, वॉर्डात फूलसुद्धा नेता येत नाही. मग तिच्या वाट्याचं तीर्थ मी पिते आणि अंगारा तिच्या कपाळाऐवजी माझ्या कपाळाला लावते. सिस्टरही हसून म्हणतात, हे चालेल. स्टेरॉइडच्या दिवसांत पोरगी रात्री तीनला उठून वरणभात मागायची, वर लिंबू आणि तूप हवंच. त्या वेळी कुकरच्या शिट्टीबरोबर मी रामरक्षा म्हणायचे, इतकीच माझी साधना.

आता मुद्द्याचं.

गेल्या अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी तिला ताप होता. प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, आठ हजारांपर्यंत घसरले होते आणि नाकातून येणारं रक्त थांबत नव्हतं. मिस्टरांनी आदल्याच दिवशी प्लेटलेट दिले होते, पण तापात ते टिकले नाहीत. पुन्हा द्यायचे तर मध्ये 48 तास जावे लागतात. माझं हिमोग्लोबिन कमी, त्यामुळे मी बाद. रात्रभर मिरवणुकीत नाचलेली मुंबई झोपली होती. आमचे नातेवाईक चार रक्तपेढ्या फिरले. एका खिडकीवरच्या माणसाने साठा नाही म्हणून सांगितलं आणि आवाज मऊ करून म्हणाला, “देवावर भरोसा ठेवा ताई.”

मी त्याच्यावर रागावले नाही, तो चांगल्या मनाने बोलला. पण साहेब, भरोसा माझ्याकडे भरपूर होता. त्या खिडकीत मी पिशवी मागायला गेले होते.

आता कुणीही विचारेल, गणपतीत तर मंडळं रक्तदान शिबिरं घेतात. घेतात, मनापासून घेतात. नेत्यांच्या वाढदिवसालाही घेतात (तुमच्याही घेत असतील). लाल पेशींची पिशवी महिनाभर, कधी थोडी जास्तही टिकते. प्लेटलेट मात्र पाचच दिवस, तेही सतत हलत्या यंत्रावर ठेवून. एका रविवारी शंभर पिशव्या जमल्या तरी आठ दिवसांनंतरच्या सोमवारी केमोच्या मुलाला त्यांचा उपयोग नाही. दिवाळी आणि मे महिन्यात कॉलेजं बंद, लोक गावाला, तेव्हा तर विचारूच नका.

आम्हाला दाता शेवटी लालबागच्या एका मंडळातून मिळाला. तीन पोरं आली, घसे बसलेले, कानामागे गुलाल तसाच. एकाने पाय दुखतात म्हणून सकाळी गोळी घेतली होती, तो बाद. दुसऱ्याची शीर बारीक निघाली. तिसरा दीड तास रक्तातले फक्त प्लेटलेट काढून घेणाऱ्या यंत्राला हात देऊन बसला. एका हाताने फोनवर विसर्जनाचे व्हिडिओ बघत होता. पिशवी वर आली, पिवळसर, ताकाच्या निवळीसारखी. मुलीने विचारलं, “आई, हे सरबत मला का नाही प्यायला देत?” संध्याकाळी नाक थांबलं. मी त्या पोरालाही रवळनाथाच्या बरोबरीने हात जोडले, आणि तो बिचारा लाजून पळाला.

माझं मागणं त्या पोरावरूनच सुचलं आहे. आपल्या राज्य रक्त संक्रमण परिषदेने मंडळांना शिबिराबरोबर एक वहीही ठेवायला सांगावं: यंत्रावर प्लेटलेट द्यायला तयार असलेल्या, 50 किलोच्या वरच्या, आधीच तपासून ठेवलेल्या मुलांची. एक दाता वर्षातून 24 वेळा देऊ शकतो, मग एका मंडळाची वीस पोरं किती घरांना पुरतील याचा हिशेब आपले अधिकारी माझ्यापेक्षा बरा करतील. शिबिरांच्या तारखा एकावर एक पडू नयेत, दिवाळी आणि मे कोरडे जाऊ नयेत, म्हणून वर्षाचं वेळापत्रक ठरवावं. आणि पिशवीमागे जे दहा हजारांच्या घरात जातात, ते मुलांसाठी तरी माफ करावेत. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत बुलढाण्याची एक बाई मुलाला घेऊन राहते. तिचं इथे ओळखीचं कुणी नाही, मंडळ नाही, चुलत दीर नाही. तिने रात्री कुणाला फोन करायचा? गाडगेबाबांनी मंदिरं न बांधता धर्मशाळा बांधल्या, म्हणून तिला निदान छप्पर तरी आहे.

नवसाचं माझं मी बघेन, त्यात सरकारची मदत नको.

पुढच्या गुरुवारी मुलीला पाठीतलं इंजेक्शन आहे. प्लेटलेट बरे असतील तरच देतात. सकाळी साडेसातला आम्ही परळला असू. आपल्या कार्यालयातून कुणी आलं तर वही कशी ठेवायची ते मी दाखवीन. मी आमच्या वॉर्डपुरती सुरू केली आहे. आत्तापर्यंत अकरा नावं झाली आहेत.

आपली नम्र,
एक आई
कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व)