आण्णांच्या खिशातल्या लवंगा

प्रिय आई,

साष्टांग नमस्कार. व्हॉट्सॲपवरच पाठवतेय पण पत्र समजून वाच, आणि वहिनीला मोठ्यानं वाचायला लावू नको, चष्मा लाव आणि तूच वाच, वेळ लागला तर लागू दे. फोनवर सांगायचं दोनदा ठरवलं होतं, पण आपलं फोनवर कसं होतं तुला माहितीय, मी जरा गप्प झाले की तू 'जेवलीस का' विचारतेस आणि विषय तिथंच मिटतो.

काल आण्णांची तिथी केली मी इथं, जमेल तशी. खीर केली, उडदाचे वडे केले आणि मागच्या भिंतीवर ताट ठेवलं. डब्लिनला कावळे आहेत बरं का, आपल्यापेक्षा मोठे, अंग करडं आणि डोकं-पंख काळे, पण त्यांच्या आधी सीगल येतो. बदकाएवढा पक्षी आणि लाज म्हणून नाही. आम्ही हात जोडेपर्यंत वडा घेऊन पसार. हे म्हणाले शिवला ना, झालं तर मग. मी म्हटलं आण्णा असते तर त्यालापण एसटीच्या कंडक्टरच्या आवाजात सुनावलं असतं, आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या, जागा सगळ्यांना मिळणार आहे.

तर ते राहू दे. मुद्द्यावर येते, नाहीतर परत टाळेन.

गेल्या महिन्यात आमच्या वॉर्डला एक जण ॲडमिट झाला, पन्नाशीतला. जबडा दुखतो म्हणून दातांच्या डॉक्टरकडे दोनदा जाऊन आलेला, दाढेत काहीच सापडलं नव्हतं. मी नेहमीचे प्रश्न विचारत होते, कधी दुखतं, किती वेळ दुखतं, तर म्हणाला चढावर चाललं की दुखतं आणि थांबलं की पाच मिनिटांत जातं. माझा हात तिथंच थांबला. कारण हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं, मराठीत. त्या माणसाच्या अँजिओग्राफीत तीन ब्लॉक निघाले, स्टेंट टाकले, चौथ्या दिवशी चालत घरी गेला. जाताना त्याच्या बायकोनं मला बिस्किटांचा डबा दिला. तो अजून मी उघडलेला नाही.

आई, २०१२ मध्ये गणपतीच्या आधी महिनाभर आण्णांचा मला मिरजेला फोन आला होता. वस्तीची गाडी घेऊन वरच्या वाडीला गेले होते, तिथं देवळाच्या पारावरच तेवढी रेंज यायची, मागं भजन चाललेलं ऐकू येत होतं. म्हणाले, 'नर्सबाई, एक विचारायचं होतं. स्टॉपवरनं देवळापर्यंत चढ चढलो की डाव्या बाजूची दाढ ठणकती, बसलो की थांबती. कुठली दाढ असंल?' आणि मी, जीएनएमच्या दुसऱ्या वर्षाला असलेली नर्सबाई, मी सांगितलं लवंग धरा दाढेखाली आणि सुट्टीच्या दिवशी दातांच्या डॉक्टरला दाखवा. ते म्हणाले आईला सांगू नको, ती उगाच घोर लावून घेईल. मी नाही सांगितलं.

हृदयाचं दुखणं छातीतच येतं असं नाही गं. जबड्यात येतं, खांद्यात येतं, पाठीत येतं, तिकडनं येणाऱ्या नसा आणि हृदयाच्या नसा वर जाताना एकत्र होतात त्यामुळे मेंदूलाच कळत नाही नक्की दुखतंय कुठं. चढ चढताना हृदयाला जास्त रक्त लागतं, नळ्या अरुंद झालेल्या असल्या की ते पुरत नाही म्हणून दुखतं, बसलं की थांबतं. किडलेली दाढ असती तर बसल्यावर थांबली नसती. हे सगळं मला अभ्यासाला होतं. तेराव्यानंतर हॉस्टेलला परत गेले तेव्हा पुस्तक काढून बघितलं तर 'जबडा' या शब्दाखाली माझ्याच हाताची लाल रेघ. परीक्षेला आलं असतं तर लिहिलं असतं मी, फोनवर आलं म्हणून कळलं नाही.

आता लवंगांचं. तेच खरं सांगायचंय, बाकीचं सगळं त्याच्यासाठी.

दहाव्याच्या आधी तू त्यांचा खाकी शर्ट धुवायला घेतलास तेव्हा वरच्या खिशात तिकिटाच्या रोलच्या कागदाची पुडी निघाली, त्यात लवंगा. सात होत्या, मी बघितल्या. तू सगळ्या बायकांसमोर म्हणालीस, 'बघा, बिडीचा वास मारायला लवंगा चघळत हुते, आणि मला म्हणायचे सोडलीया.' त्या दिवसापासून तेरा वर्षं तू येईल त्याला हेच सांगतेस, बिडीनं नेलं माझा माणूस, शपथ घेऊन फसवलं मला. मी दर वेळी तिथंच बसलेली असते आणि गप्प असते. तुझ्या मसालेभातात लवंग नसते, मला आधी वाटायचं विसरतेस, मग एकदा वहिनीनं सांगितलं की मसाल्याच्या डब्यातनं लवंग तू काढूनच टाकलीस.

त्या लवंगा माझ्या होत्या आई. मी सांगितलेलं औषध होतं ते. मी असं म्हणत नाही की आण्णांनी नंतर कधीच बिडी ओढली नसेल, वस्तीच्या गावात रात्री कोण बघतंय, ड्रायव्हरनं पुढं केली तर एखादी घेतलीही असेल. पण मी जन्मले तेव्हा त्यांनी तुझ्या हातावर हात ठेवून सोडली होती आणि ती पुडी त्या शपथेविरुद्धचा पुरावा नव्हती. एवढं तुला मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. घाबरले. तू मला काय म्हणशील याला घाबरले, खोटं कशाला बोलू.

हे लिहायला बसले आणि काय काय आठवत गेलं बघ. कराड-चिपळूण गाडीवर असताना ओले काजूगर आणायचे ते वर्तमानपत्रात बांधून, आणि तुझ्या हातात देताना म्हणायचे 'पार्सल आहे, सही करा'. तू पहाटेच अंगणवाडीच्या तयारीला लागायचीस म्हणून माझ्या वेण्या तेच घालायचे, इतक्या घट्ट की भुवया वर ओढल्या जायच्या. मी आता पोरीच्या तशाच घालते आणि ती रडते. मिरजेला असताना माझा डबा यायचा, तुझी भाकरी पाटणहून कराडला एका गाडीनं, तिथनं दुसऱ्या गाडीच्या ड्रायव्हरच्या सीटमागं मिरजेपर्यंत, शंभरेक किलोमीटर, आणि एकदाही चुकला नाही. कुंभार्ली घाटात धो धो पाऊस असो, दरड येवो, डबा वेळेवर. हॉस्टेलच्या पोरी म्हणायच्या तुझा बाप एसटीचा मालक आहे काय. वर भाकरीवर चिठ्ठी, तीपण तिकिटाच्या कागदावर, 'आई बरी आहे. मी बरा आहे. अभ्यास कर.' दर वेळी हीच तीन वाक्यं, बाकी शब्दांना जणू तिकीट लागत होतं.

आणि ते सुट्टे पैसे! तिकिटामागं बाकी लिहून द्यायचे आणि घ्यायला विसरलेल्या माणसांची वेगळी वही. पुढच्या फेरीला स्टॉपवर शोधून शोधून तीन रुपये परत द्यायचे, तू चिडायचीस की घरात तेल नाही आणि तुम्ही लोकांचे तीन रुपये धरून बसलाय. इथं कंडक्टर नसतोच. तिकिटाचे पैसे नाण्यांत टाकायचे, ड्रायव्हर सुट्टे देत नाही, जास्त पडले तर एक चिठ्ठी मिळते आणि ती घेऊन ओ'कॉनेल स्ट्रीटवरच्या हेड ऑफिसात जाऊन पैसे घ्यायचे. मी पहिल्यांदा आले तेव्हा कार्ड नव्हतं, तशी एक चिठ्ठी मिळाली होती, पाकिटात अजून आहे, बदलायला गेलेच नाही. इथली एक गोष्ट मात्र त्यांना फार आवडली असती, उतरताना झाडून सगळे लोक ड्रायव्हरला थँक यू म्हणतात, शाळेची पोरंसुद्धा. मी म्हणते तेव्हा दर वेळी वाटतं आपण आण्णांना कधी म्हटलं.

शेवटचा आठवडा आठवतो ना. गणपतीच्या जादा गाड्या, कोकणात डबल ड्युट्या, घरात गणपती असून ते आरतीला एकदाच होते. आणि मग ती सकाळ, वस्तीहून आले, डेपोत हिशोब देऊन कॅश भरली, पायरीवर बसून बुटाची एक नाडी सोडली. दुसरी तू सोडलीस. वय ४८. ते मी पुढं लिहीत नाही.

आता धाकट्या भावाचं, आणि यात मला नाही ऐकायचं नाही. इथं आम्हाला लेक्चरला शिकवलं, इंटरहार्ट म्हणून ५२ देशांतला मोठा अभ्यास झालाय, त्यात आपल्या भागातल्या, म्हणजे भारत, पाकिस्तान, श्रीलंका वगैरे, लोकांना पहिला ॲटॅक साधारण ५३ व्या वर्षी आलेला दिसला आणि बाकीच्या देशांत ५९ च्या आसपास. आपल्याकडं लवकर येतो. त्यात बाप ४८ ला गेलेला. धाकटा बत्तीसचा झाला, पोट सुटलंय आणि गालात मावा, मला व्हिडिओ कॉलवर दिसतं, तोंड फिरवून बोलतो तेवढ्यानं लपत नाही. त्याला सांग बीपी, साखर आणि उपाशीपोटी लिपिड प्रोफाइल म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, सकाळी लॅबमध्ये जायचं. तो म्हणेल मला काही होत नाही. आण्णापण हेच म्हणायचे. तुझंही बीपी तेव्हाच बघून घे.

तू रागावली असशील तर रागव. दोन दिवस फोन नाही केलास तरी चालेल, पण बोलायचंच बंद करू नको. आणि त्या बायकांपैकी ज्या अजून येतात बसायला, शेजारच्या काकू तरी, त्यांना एकदा सांग लवंगांचं. मी दिवाळीला येतेय तेव्हा मी पण सांगेन, पण आधी तू सांगितलेलं बरं.

तो शर्ट अजून ट्रंकेत आहे का? असला तर राहू दे, मी आल्यावर बघेन.

माझी सातची ड्युटी आहे, झोपते आता. धाकट्याचे रिपोर्ट आले की फोटो काढून पाठव, नीट उजेडात काढ, मागच्या वेळी नुसता तुझा अंगठाच आला होता.

तुझी,
नर्सबाई